तळ्यावरून बोलतेय

मंदाताईंचा चेहरा आठवायचा तर मला डोळे मिटून थोडे कष्ट घ्यावे लागतात. आवाजाचं तसं नाही. तो कुठेही येतो. गच्चीवर कपडे वाळत घालताना येतो, एसटी स्टँडवर ताटकळत असताना येतो. परवा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडले होते तेव्हाही आला आणि डॉक्टरांनी विचारलं, "हसताय कशाला?" त्या अवस्थेत त्यांना काय सांगणार, कप्पाळ!

गोड म्हणावा असा तो आवाज नव्हता. जरा जाडसरच होता, पण त्याला घाई म्हणून नव्हती. मंदाताई पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आणि त्याही जुन्या काळच्या, हाताने कॉर्ड खोचून लाईन जोडून देणाऱ्या. मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावून अर्धा दिवस वाट बघायची, असे ते दिवस. कुणाचं दुखणं असे, कुणाचं लग्न ठरत असे, कुणाचा नवरा आखातात जाऊन बसलेला असे. त्या सगळ्या वाट बघण्यात सोबतीला एकच आवाज, "थांबा हं, लाईन येतेय." निम्म्या गावाने हा आवाज ऐकलेला आणि चेहरा फारच थोड्यांनी पाहिलेला. बाजारात मंदाताई मेथीची जुडी उचलून "ताजी आहे का हो?" म्हणाल्या की शेजारचा एखादा म्हातारा दचकून वळायचा. आपल्याला नेमकं काय आठवलं, ते त्याला कळत नसे. मंदाताईंना कळत असे. त्या पिशवी सावरून पुढे जात.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायला आले तोवर एक्स्चेंज कधीच ऑटोमॅटिक झालं होतं आणि त्या निवृत्त झाल्या होत्या. एकट्या राहत. लग्न का केलं नाही, हे विचारायची मला बरेच दिवस हिंमत झाली नाही. शेवटी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, शिफ्ट ड्युटी होती." एवढ्यावर तो विषय मिटला. भाऊ वारला होता, भाची खारघरला टॉवरमध्ये राहायची. घरी फोन होता, पण त्याच्यावर त्या फारशा बोलत नसत. त्यांचं खरं बोलणं तळ्यावरून चाले.

तळं आमच्या इमारतीच्या मागे होतं. पनवेलात तळी काही कमी नाहीत. मोठ्या तळ्यांना नावं आहेत, देवळं आहेत, पायऱ्या आहेत. आमच्या तळ्याला यातलं काहीच नव्हतं. सगळे त्याला मागलं तळं म्हणत. कशाच्या मागलं, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. थंडीत सकाळी त्याच्यावर धुकं उतरे आणि पलीकडचा काठ दिसेनासा होई. दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका तेवढा डोकं वर काढून, बाकी सगळं पुसलेलं. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते समजत नसे. एखादा बगळा त्या पांढऱ्यातून निघून पांढऱ्यातच जाई. अशा सकाळी कामाला जाणं माझ्या अगदी जिवावर येई. मी तेव्हा खांदा कॉलनीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. तिथे माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेली असत आणि मी इथे गॅलरीत.

तळ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वस्तीचं सांडपाणी एका नाल्यातून सरळ आत येई. नव्या इमारतींचं डबर काठावर येऊन पडे आणि दरवर्षी तळं थोडं थोडं आत सरके. उन्हाळ्यात असा वास सुटे की खिडक्या लावून घ्याव्या लागत. सगळे हळहळत. हळहळण्यात आमची इमारत कुणाला हार जाणारी नव्हती.

काठावर रशीदभाईंची बेकरी होती आणि बेकरीला लागून काचेच्या दाराचा पीसीओ. एकदा संध्याकाळी मी पाव आणायला गेले, तर मंदाताई पीसीओत उभ्या. एका पायाने दार उघडं धरलेलं, रिसीव्हर कानाला, नजर पाण्यावर.

"नमस्कार. तळ्यावरून बोलतेय," त्या म्हणाल्या. "आज पाणी हिरवट आहे. वारा खाडीकडून. नाला सकाळपासून वाहतोय. डबराची एक गाडी दुपारी येऊन गेली. हळदीकुंकू बदकांची जोडी आलीय, बरोबर पिल्लं आहेत. एवढंच. ठेवते."

आणि ठेवला. पदराने रिसीव्हर पुसला आणि निघून गेल्या. मी पाव घ्यायचंच विसरले.

"कुणाशी बोलत होत्या?" मी रशीदभाईंना विचारलं.

"पालिकेतल्या इंजिनीअर साहेबांशी. रोज करतात," रशीदभाई म्हणाले. "मी म्हटलं, आपा, काय मागायचंय ते एकदाच मागून मोकळ्या व्हा ना. तर म्हणतात, मागायचं काही नाही, खबर द्यायचीय. आता खबर कसली? पाणी आहे, पक्षी आहेत. या अल्ला! आणि दार कधी लावत नाहीत. मी सांगून थकलो, आपा, दरवाजा लावा, बाहेरचा सगळा शोर आत जातो. म्हणतात, जाऊ दे की."

घरचा फोन सोडून पीसीओत कशाला जाता, असं मी पुढे त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पाकीटमारी करायला सांगितली होती.

"घरात बसून 'तळ्यावरून बोलतेय' म्हणू? लाईनवर खोटं बोलू मी?"

तक्रार का करत नाही, याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. "तक्रार सुरू केली की समोरचा माणूस रिसीव्हर कानापासून लांब धरतो. मला इथून कळतं ते. आवाज पोकळ होतो. बातमी सांगितली की तोच माणूस कान चिकटवतो. नोकरीभर हेच तर पाहिलं मी. तळं कसं आहे ते त्याला रोज कळलं पाहिजे, बस. एकदा माणसाला कळायला लागलं की त्याला स्वस्थ बसवत नाही."

मला हे सगळं फार गमतीचं वाटायचं आणि थोडं वेडेपणाचंही. पण एकदा मंदाताईंना ताप आला. दोन-तीन दिवस अंथरुणातच होत्या. मी पेज घेऊन वर गेले तर दारात खाकी कपड्यातला एक शिपाई उभा. रशीदभाईंनी त्याला पत्ता दिला होता.

"तळ्याचा फोन आला नाही," तो अवघडून म्हणाला. "साहेब म्हणाले, तळं बरं आहे का ते बघून ये."

मंदाताई उठून बसल्या. केस सारखे केले. तापाने आवाज बसला होता, तरी त्याच चालीत म्हणाल्या, "त्यांना सांगा, तळं आहे तिथेच आहे. आज तिकडची बातमी नाही, कारण मी गेले नाही. न बघता सांगणार नाही." शिपाई मान डोलावून गेला. त्या आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड करून हसल्या. लबाड हसणं होतं ते, अगदी लहान मुलीचं.

त्यानंतर काही दिवसांनी समिती झाली. ती केली नानांनी. नाना बँकेतून निवृत्त झालेले, समोरच्या गल्लीत राहायचे. छातीने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. माईकची त्यांना कधी गरज पडली नाही आणि माईक दिसला की सोडवतही नसे. नानांचं श्रेय नानांना दिलंच पाहिजे. सह्यांची मोहीम त्यांनी काढली, निवेदनं त्यांनी लिहिली, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या त्या त्यांनीच. समितीला नाव काय द्यायचं यावरून मात्र आम्ही इतके भांडलो की शेवटी ती बिननावाचीच राहिली. बैठका नानांच्या गच्चीवर व्हायच्या. नाना बोलायचे, आम्ही चहा प्यायचो आणि मंदाताई एका कडेला बसून तळ्याकडे कान लावून असायच्या.

"ताई, तुमचं मत?" नाना मधेच विचारत.

"ऐकतेय," मंदाताई म्हणत. त्या नानांचं भाषण ऐकत होत्या की आणखी काही, ते नानांना कधी कळलं नाही. पण दोघांचं जमायचं छान. नाना त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवत, आणि त्या नानांचा घसा बसला की खडीसाखर पाठवत.

तळ्यावर धुणं धुवायला जवळच्या पाड्यावरून बायका येत. त्यांच्यातल्या तुळसाबाई तोंडाने फटकळ. समितीने धुण्यावर बंदी घालावी, असं एकाने बैठकीत सुचवलं होतं. ते कसं कुणास ठाऊक, तुळसाबाईंपर्यंत गेलं. त्या पीसीओच्या दारातच उभ्या राहिल्या.

"ताई, तुमी रोज त्या फोनवर आमच्या चुगल्या सांगताव काय?"

"आज काय सांगू, तूच सांग," म्हणत मंदाताईंनी रिसीव्हर त्यांच्यापुढे केला.

तुळसाबाई क्षणभर गडबडल्या. मग रिसीव्हर उलटा धरून ओरडल्या, "आमाला धुवाला दुसरी जागा नाय हाय! नळ द्या, मंग आमी कशाला येताव इकडं?" मंदाताईंनी रिसीव्हर सुलटा करून कानाला लावला. "नमस्कार. तळ्यावरून बोलतेय. आत्ता बोलल्या त्या तुळसाबाई. खरं तेच बोलल्या. एवढंच." पुढे पाड्यावर नळ आले तेव्हा तुळसाबाईंनी मंदाताईंना डोक्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मंदाताईंनी म्हटलं, "अगं, तुझाच आवाज लागला तिकडे."

होता होता नाला वळवला गेला. डबर उचललं गेलं. इंजिनीअर साहेबांनी मनावर घेतलं होतं हे उघड होतं, आणि नानांनी पाठ सोडली नव्हती हेही. ज्या वर्षी पहिल्यांदा उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवल्या, त्या वर्षी आमच्या इमारतीत लोक एकमेकांना सांगत होते, "वास नाही, बघा, अजिबात वास नाही." मला त्या दिवसांत रोज सुट्टी असल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी पाण्यावर गुलाबी प्रकाश पसरे, बेकरीतून भाजल्या पावाचा वास येई आणि काठावर माणसं उगाचच उभी असत. आपण हे सगळं मिळून केलं, असं प्रत्येकाला वाटत होतं आणि ते खरंही होतं.

आता मंदाताईंच्या कोपऱ्याबद्दल सांगते. तळ्याच्या पश्चिमेला पाणकणसाचं दाट बेट होतं. तिथे चिखल, गवत आणि डास. माणसं तिकडे जायची नाहीत. काठावर एक सपाट दगड होता आणि मंदाताई फोन झाला की त्या दगडावर जाऊन बसत. सूर्य खाली गेला की साळुंक्यांचे थवे त्या पाणकणसांत उतरत. जांभळ्या पाणकोंबड्या आत भांडत, बदकं कुरकुरत, बेडकांचा खर्ज सुरू होई आणि बारीकसारीक पाखरं मधे मधे टिपा टाकत. पहिल्यांदा मला नुसता गोंगाट वाटला. मंदाताई म्हणाल्या, "डोळे मीट. एक आवाज धर. आता तो सोडून दुसरा धर." मी धरत गेले. एकेक आवाज सुटा होऊन जवळ यायचा आणि पुन्हा सगळ्यांत मिसळायचा. डोळे उघडले तेव्हा अंधारलं होतं आणि मला आपण कुठे आहोत ते पटकन समजलं नाही. इतकं शांत मला त्यानंतर फारसं कधी वाटलेलं नाही.

"आमच्या बोर्डावर सगळ्या लाईनी एकदम चालू असल्या की असंच असायचं," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं वैताग येत असेल. मला तर घरी जावंसं वाटायचं नाही."

घोटाळा झाला तो प्रेमापोटी झाला. तळं सुधारलं, आता काठाने फिरायला फरसबंद वाट हवी, असं समितीत ठरलं. म्हाताऱ्या माणसांची सोय होईल, त्यात कुणाला काही खटकण्यासारखं नव्हतं. मंदाताईंनी एवढंच म्हटलं की पश्चिमेचा कोपरा जरा सोडा. "बघू, बघू," असं सगळे म्हणाले. आणि मग नानांच्या मनात आलं की ताईंचा सत्कार करायचा. आपल्याकडे एखाद्यावर जीव जडला की आपण त्याला शाल आणि नारळ दिल्याशिवाय राहत नाही. पण नानांना नुसती शाल कमी वाटली. ताईंना चकित करायचं म्हणून सगळं गुपचूप चाललं होतं. मी शेजारीण, माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून मलाही सांगितलं नाही.

सत्कार शाळेच्या हॉलमध्ये होता. संध्याकाळची वेळ, मागे बटाटेवडे तळले जात होते. प्रमुख पाहुणे म्हणून इंजिनीअर साहेब आले होते. सडपातळ, चष्मेवाला, लाजरा माणूस. इतकी वर्षं रोज बोलत असूनही दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. मंदाताई माईकवर "नमस्कार" म्हणाल्या तसे साहेब खुर्चीत ताठ झाले, आणि उठावं की बसून राहावं ते न समजून अर्धवट उभे राहिले.

शाल झाली, नारळ झाला. मग नानांनी टेबलावरचं कापड बाजूला केलं. खाली रंगीत चित्र होतं. तळ्याच्या पश्चिम कोपऱ्यात लाद्यांचा गोल कट्टा, वर कौलारू छप्पर, दिवे आणि संगमरवरावर मंदाताईंचं नाव.

"ताई रोज त्या ओबडधोबड दगडावर बसतात!" नाना म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "आपल्याला लाज वाटली पाहिजे! ते सगळं गचपण काढून टाकायचं, समोरचं पाणी मोकळं दिसेल, आणि ताई आरामात टेकून बसतील. काम मंजूर झालंय!"

टाळ्यांनी हॉल भरून गेला. मी मंदाताईंकडे पाहिलं. त्या चित्राकडे बघत होत्या. शालीचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.  एवढ्या प्रेमाने दिलेलं नाकारायचं कसं? आणि नाकारलं नाही तर कोपरा गेला.

"मला बोलता येत नाही," मंदाताई माईकवर म्हणाल्या. "सूर्य मावळायला अजून थोडा अवकाश आहे. सगळ्यांनी माझ्याबरोबर कोपऱ्यावर चला. कट्टा जिथे होणार आहे, ती जागा बघू."

"वडे?" मागून कुणीतरी विचारलं.

"वडे थांबतील," मंदाताई म्हणाल्या. त्या आवाजाने गावाला वर्षानुवर्षं थांबायला लावलं होतं. सगळे उठले.

मग आमची वरात निघाली. सिल्कच्या साड्या, इस्त्रीचे सदरे, शाल पांघरलेल्या मंदाताई पुढे, नाना शेजारी, मागे साहेब. मला वाटलं, आता साळुंक्या उतरतील, सगळे डोळे मिटतील आणि नाना विरघळतील. माझं मन आपलं असं भाबडं. घडलं ते भलतंच. आम्ही कोपऱ्यावर पोचलो, चिखलात चपला सांभाळत उभे राहिलो, आणि कोपरा गप्प झाला. एक पाणकोंबडी सपसपत आत पळाली. साळुंक्यांचा थवा आला, आमच्या डोक्यावरून वळला आणि दूर निघून गेला. आणखी एक आला, तोही वळला. बेडूकसुद्धा बोलेना. कुणाचा तरी मोबाईल वाजला. एक बाई हळूच म्हणाल्या, "डास फार आहेत हो."

नाना बराच वेळ थांबले. त्यांच्या मानाने फारच. मग म्हणाले, "ताई, इथे तर काहीच नाही."

"आपण आहोत ना," मंदाताई म्हणाल्या. "कट्टा झाल्यावर रोज असू."

 पाण्यावरचा तांबडा उजेड विझत चालला होता. इंजिनीअर साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"ताई," ते चाचरत म्हणाले, "तुमच्या फोनमध्ये मागे सारखा एक आवाज असायचा. कलकल. मला वाटायचं, तुमची लाईनच खराब आहे. मी एकदा दुरुस्तीसाठी कळवणारही होतो."

"लाईन चांगली होती," मंदाताई म्हणाल्या.

"तो आवाज इथला?"

"इथला."

साहेब पाणकणसांकडे बघत राहिले. एवढ्या माणसांत तिथलं काहीच ऐकू येत नव्हतं, आणि मला वाटतं तेच त्यांना लागलं. हॉलवर परतल्यावर त्यांनी वडा घेतला नाही. ते चित्र गुंडाळून बरोबर घेऊन गेले. पुढे वाट झाली ती तळ्याच्या तीन बाजूंनी झाली. कोपऱ्याच्या अलीकडे ती थांबते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. मधे काही नाही, चिखल आणि पाणकणीस.

मंदाताई जिंकल्या, असं म्हणायला मी सत्काराच्या रात्रीच वर गेले होते. त्या खुर्चीत शाल मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि रडत होत्या. "नानांचा चेहरा पाहिलास?" म्हणाल्या. "त्यांनी किती हौसेने केलं होतं गं." 

नानांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. भांडले असते तर बरं झालं असतं. गल्लीत, बाजारात, तळ्यावर समोरून आल्या की नाना घड्याळात बघत. समिती हळूहळू पांगली. सकाळी फिरायला येणारी माणसं वाट तुटते तिथे येऊन थबकत आणि करवादत परत फिरत. "एका बाईच्या हट्टापायी फेरी पुरी होत नाही," हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मंदाताईंनीही ऐकलं असणार. सणाला खडीसाखरेची पुडी त्या नानांच्या दारात ठेवून येत. ती आत घेतली जात असे, पण निरोप येत नसे. मला नानांचा भयंकर राग यायचा. मंदाताईंना यायचा नाही. "दुखावलाय तो माणूस," एवढंच म्हणायच्या. पण त्यांचं जेवण कमी झालं होतं, हे मला खालून भांड्यांच्या आवाजावरून कळत असे.

साहेबांची बदली झाली. मोबाईल सगळ्यांच्या हातात आले, आणि रशीदभाईंनी पीसीओ काढून तिथे केकचं काचेचं कपाट ठेवलं. "आपा, माफ करा," ते म्हणाले, "आता तुमच्याशिवाय कोणी येत नव्हतं." मंदाताईंनी त्यांच्याकडून केक घेतला आणि मला आणून दिला.

त्याच सुमाराला त्यांचे कान गेले. आधी डावा, मग उजवा. एवढी वर्षं हेडफोन लावून बसलेल्या बाईला दुसरं काय होणार, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र लावून बघितलं, त्यात नुसती घरघर ऐकू येई. त्या स्वतः याबद्दल बोलत नसत. फक्त त्यांचा आवाज मोठा झाला. आपण किती जोरात बोलतोय, हे त्यांना कळेना. ज्या आवाजाला कधी घाई नव्हती, वर चढणं नव्हतं, तो जिन्यातून गडगडत यायला लागला. मला वाईट वाटायचं आणि मी तसं कधी दाखवलं नाही. मग भाची येऊन त्यांना खारघरला घेऊन गेली. टॉवरमध्ये लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहे, सगळं ठीकच होतं ते.

त्यानंतर त्या एकदाच आल्या. हिवाळ्याचे दिवस होते. भाचीने रिक्षातून आणून सोडलं आणि ती उरणनाक्याला कामाला गेली. चहा झाला. उन्हं उतरली तशा मंदाताई उठल्या आणि माझा हात धरून चालू लागल्या. फरसबंद वाटेने आम्ही सावकाश गेलो. पाणी निवांत होतं, त्यावर आभाळाचे रंग पसरले होते, आणि थंड हवेत सगळं जरा दूर असल्यासारखं भासत होतं. वाट जिथे थांबते तिथे आम्ही थांबलो.

कोपरा ऐन भरात होता. साळुंक्या उतरत होत्या, पाणकोंबड्यांचं भांडण रंगलं होतं, बेडूक लागले होते. माझ्या कानांत मावेना इतका आवाज, आणि शेजारी मंदाताईंचा चेहरा कोरा. त्या पाणकणसांकडे बघत होत्या. थवे वाकून खाली येताना दिसत होते, तेवढंच त्यांच्या वाट्याला आलं होतं. मला रडू फुटेल असं वाटलं.

तेवढ्यात दिसलं, त्या सपाट दगडावर कुणीतरी बसलंय. एका अंगाने दिसणारी रुंद आकृती, मफलर गुंडाळलेली. नाना. एकटेच. मान किंचित कलती, डोळे मिटलेले. मधेच भुवई उडे, मधेच ओठ हलत, आणि पाणकोंबड्यांनी मोठा कलकलाट केला तेव्हा ते मिटल्या डोळ्यांनी हसले. रोज येत असावेत. दगडाभोवतीचं गवत बसून गेलं होतं.

मंदाताईंनीही पाहिलं. त्यांची पकड माझ्या दंडावर घट्ट झाली.

"अगं, नाना ऐकतायत!" त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं कुजबुजल्या. तो आवाज तळ्याच्या पलीकडे गेला असेल. क्षणात कोपरा गप्प. साळुंक्या भर्रकन उठल्या. नानांनी चिडून डोळे उघडले आणि वळले. आम्हाला पाहिलं, मंदाताईंना पाहिलं. काही तरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग त्या बाईकडे बघत त्यांनी आपल्या ओठांवर बोट ठेवलं.

मंदाताईंनी लगेच तोंडावर हात दाबला. हाताच्या वर त्यांचे डोळे दिसत होते. इतका आनंद मी त्या डोळ्यांत कधीच पाहिला नव्हता, सत्काराच्या दिवशी तर नाहीच.

नाना दगडावर थोडे सरकले. मी मंदाताईंना गवतातून नेऊन तिथे बसवलं आणि मागे येऊन उभी राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग आत कुठेतरी एक बेडूक बोलला, दुसरा बोलला, आणि साळुंक्या परत फिरून खाली येऊ लागल्या. नानांनी डोळे मिटले होते. मंदाताई पाण्याकडे बघतच नव्हत्या. त्या नानांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि नानांची भुवई उडाली, ओठ हलले की त्यांची मान हळूच डोलत होती.